किल्ल्यांचा जुडगा

पांढुर्णा आणि सौसर या दोन गावांकडच्या मराठी घरांत एक शब्द वरचेवर कानी पडतो. महाराष्ट्रातील शासकीय कागदांवर त्यासाठी ‘कार्यभार’ असे लिहिलेले असते आणि भोपाळहून आमच्याकडे येणाऱ्या आदेशांत ‘प्रभार’ असे, परंतु संध्याकाळी घरी येऊन उंबऱ्याशी चपला काढता काढता माणूस जे सांगतो ते असे, की “आजपासून चार्ज माझ्याकडे आला.” हे वाक्य ज्या सुरात उच्चारले जाते तो सूर परगावच्या पाहुण्यास चमत्कारिक वाटेल. त्यात थोडा अभिमान असतो, नाही असे नाही; पण अभिमानापेक्षा धास्ती अधिक असते. आणि स्वयंपाकघरातून येणारे उत्तरही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. “कायले घेतला अंगावर?”

गेल्या दिवाळीनंतर माझी भाची हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आली. ती पांढुर्ण्याच्या एका शासकीय कार्यालयात लेखाविभागात काम करते. तिचे वरिष्ठ निवृत्त झाले, जागी नवा माणूस आला नाही, आणि ज्येष्ठतेत पुढचे नाव तिचे म्हणून तिला प्रभार देण्याचा आदेश निघाला. हजर झाल्याची सही करावयास दोन दिवस उरले होते. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, स्पष्ट ‘नको’ म्हणून मोकळी झाली होती. “मामा काय म्हणतो ते विचार,” एवढी सवलत मात्र तिने दिली होती.

या विषयात मी तटस्थ सल्लागार नव्हे, हे वाचकांना आरंभीच सांगून टाकलेले बरे. मी स्वतः एकदा चार्ज नाकारलेला माणूस आहे.

नाकारण्याची ही रीत आमच्याकडे कशी रुजली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. ब्रिटिश काळापासून पांढुर्णा हे सौसर तहसिलीतच मोडत असे आणि सौसर तहसील छिंदवाडा जिल्ह्यात. पण प्रांताची राजधानी होती नागपूर. बोली, सोयरीक, बाजार, दवाखाना सारे नागपूरचेच असल्यामुळे शासनही जवळचेच वाटे. १९५० च्या कायद्याने तेव्हाच्या मध्यप्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचे स्थान मिळाले होते. सौसरचा लेखनिक वर चढू लागला तर त्याची शिडी नागपूरच्या सचिवालयाकडे जात असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, नागपूरचे राजधानीपण संपले आणि आमचा मराठी बोलणारा तुकडा छिंदवाड्याबरोबर नव्या मध्यप्रदेशात राहिला. नव्या राज्याची राजधानी भोपाळ. पांढुर्ण्याहून नागपूरच्या सुमारे तिप्पट अंतरावर.

माझे वडील त्या काळी तहसील कचेरीत लेखनिक होते. अक्षर मोत्यासारखे, हिशेब चोख. पुनर्रचनेनंतर चारपाच वर्षांनी त्यांना बढती देऊ केली गेली. बढती म्हणजे बदली, आणि बदली म्हणजे त्या वेळच्या अवाढव्य मध्यप्रदेशात कोठेही. त्यांनी त्याच सुंदर अक्षरात नकार लिहिला. कारण दिले ते संत्र्याच्या बागेचे आणि वृद्ध आईचे. दोन्ही खरी होती. तिसरे कारण त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितले. त्यांना हिंदी लिहिता येई, पण चारचौघांत बोलताना लिंग चुकण्याची भीती वाटे. “माझ्या तोंडात दही खट्टी होते रे,” ते म्हणाले, “आणि मग हाताखालचा शिपाईसुद्धा हसतो.” एका दह्याच्या लिंगासाठी माणसाने बढती सोडावी हे आज हास्यास्पद वाटेल. त्यांच्या जागी उभे राहिल्यावर तसे वाटत नाही. ज्याने इतरांना आज्ञा करावयाच्या त्याची जीभ अडखळली तर आज्ञेतला जीवच जातो, असे त्यांना मनापासून वाटत होते.

त्यांचे ते वाटणे बरोबर नव्हते, याचा पुरावा त्याच वर्षांत त्याच राज्यात होता. इंदूरला राहुल बारपुते हे मराठी घरातले गृहस्थ ‘नई दुनिया’ या हिंदी दैनिकाचे संपादन करीत होते. पुढे हिंदी पत्रकारितेत ज्यांची नावे आदराने घेतली गेली ते राजेंद्र माथुर आणि प्रभाष जोशी हे दोघेही प्रथम त्यांच्याच हाताखाली लिहिते झाले, आणि माथुर तर कालांतराने त्याच पत्राचे प्रधान संपादक झाले. मातृभाषा मराठी असलेल्या माणसाने हिंदीच्या घरात जाऊन केवळ नोकरी केली नाही, तर त्या घरातली पुढची पिढी वाढविली. वडिलांना हे ठाऊक नसेल असे नाही. इंदूरचे वर्तमानपत्र कधीमधी आमच्याकडेही येई. पण इंदूरचे मराठी लोक होळकरांच्या राज्यात मुरलेले, आपण सौसरचे शेतकरी, अशी एक वजाबाकी आपण मनाशी करतो आणि स्वतःची सुटका करून घेतो.

मी ती सुटका १९९६ मध्ये करून घेतली. मी तेव्हा सौसर भागातल्या एका उच्च माध्यमिक शाळेत व्याख्याता होतो. प्राचार्यांची बदली झाली, दुसरे कोणी येईना, आणि सेवेत ज्येष्ठ मी होतो. मला प्रभार देण्याची तोंडी सूचना आली तेव्हा मी पाठदुखीचा दाखला जोडून लेखी असमर्थता कळविली. पाठ दुखत होती हे खरे. पण खरे दुखणे होते ते कपाटांचे. साठ्याची नोंदवही कित्येक वर्षांत कोणी जुळवून पाहिली नव्हती, हे शाळेतल्या प्रत्येकाला माहीत होते. बाके, सतरंज्या, प्रयोगशाळेतली काचेची भांडी, एक हार्मोनियम; यांपैकी कागदावर काय आहे आणि खोलीत काय आहे याचा मेळ कोणालाच ठाऊक नव्हता. सही करणारा त्या साऱ्याचा धनी होणार होता. दुसऱ्याने केलेल्या गफलतीचे ओझे मी निवृत्तीपर्यंत का वाहावे, असा माझा युक्तिवाद होता. घरच्यांनी त्याला एकमुखाने पाठिंबा दिला.

चार्ज गेला गणिताच्या बाईंकडे. त्या माझ्याहून सहा वर्षांनी कनिष्ठ, घरी दोन लहान मुले आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. आम्हा पुरुष मंडळींची अटकळ अशी, की या आठ दिवसांत रडकुंडीला येतील आणि बदली मागतील. बाईंनी पहिले काम काय केले, तर सही केलीच नाही. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवून त्यांनी दोन शिक्षक आणि एक शिपाई बरोबर घेतले, आणि तीन दिवस शाळेतली एकूण एक वस्तू मोजली. नोंदवहीत बाके होती २१२, भरली १७४. हार्मोनियमची पेटी होती, भाता नव्हता. बाईंनी यादीत दोन रकाने केले, ‘नोंदीप्रमाणे’ आणि ‘प्रत्यक्ष’. दोन्ही आकडे लिहिले, बरोबर असलेल्यांच्या सह्या घेतल्या, प्रत वरच्या कार्यालयात नोंदणीकृत टपालाने पाठविली आणि मग स्वतः सही केली. तीही ‘प्रत्यक्ष’च्या रकान्याखाली.

मी महिनाभर वाट पाहिली की आता काही वादळ उठेल. उठले नाही. दीडेक वर्षाने मोडकातोडका माल मोडीत काढण्याची मंजुरी आली आणि तो विषय संपला. ज्या कपाटांच्या भयाने मी दाखला आणला होता ती तीन दिवसांच्या मोजणीत निकामी झाली. भय कपाटात नव्हतेच. ते न मोजण्यात होते, आणि मोजावयाचे तर आजवर न मोजणाऱ्या सहकाऱ्यांशी वाकडे येईल, या संकोचात होते. बाईंनी तो संकोच कसा ओलांडला हे मी नंतर त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, “सर, मी कोणावर आरोप केला नाही. मी फक्त मोजले.”

बाईंचे गुणगान गाण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी चुकाही केल्या. पहिले वर्षभर त्या सारे स्वतः करीत. शुल्काचा हिशेब त्यांचा, वेळापत्रक त्यांचे, नळ गळतो तर गवंडीही त्याच बोलावणार. मंडळाच्या परीक्षेत त्या केंद्राध्यक्ष होत्या. आमच्याकडे प्रश्नपत्रिकांची पेटी पोलीस ठाण्यात ठेवतात आणि परीक्षेच्या दिवशी सकाळी ती साक्षीदारांसमक्ष उघडून पाकिटे केंद्रावर आणतात. महिनाभर दर पेपरला पहाटे उठून, सासूबाईंचे आवरून, त्या ठाण्यावर जात. एप्रिलमध्ये त्या आजारी पडल्या आणि तीन आठवडे उठल्या नाहीत. त्या तीन आठवड्यांत शाळेची जी त्रेधा उडाली ती पाहून त्यांना आणि आम्हांलाही एक गोष्ट उमगली. सर्व किल्ल्या एकाच जुडग्यात ठेवणारा माणूस कर्तव्यदक्ष असतो खरा, पण तो आजारी पडला की कुलपे तोडावी लागतात.

दुसऱ्या वर्षी त्यांनी जुडगा सोडविला. प्रयोगशाळा एकाकडे, ग्रंथालय दुसरीकडे, आणि अंतर्गत परीक्षांचे सर्व काम, सहीच्या अधिकारासह, माझ्याकडे. हे ‘सहीच्या अधिकारासह’ महत्त्वाचे. काम वाटणारे पुष्कळ पाहिले. बहुतेक जण काम देतात आणि सही स्वतःकडे ठेवतात, म्हणजे कष्ट दुसऱ्याचे आणि निर्णय आपला. बाई म्हणाल्या, “वेळापत्रक तुम्ही ठरवाल तेच. मला फक्त एक प्रत द्या.” पाठदुखीचा दाखला देणाऱ्या माणसाला त्यांनी अशा रीतीने अर्धा चार्ज घ्यावयास लाविला, आणि तो मला कळलाही नाही. पुढे २००४ मध्ये माझ्यावर पुन्हा तीच वेळ आली तेव्हा मी नाही म्हटले नाही. मोजणीला मात्र मला चार दिवस लागले.

वर्गात असताना मी मुलांना बेझनजी दादाभाई मेहता यांची गोष्ट सांगत असे. आमच्या भागाला ती जवळची आहे, कारण ती कापसाची गोष्ट आहे. जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये कंपनी काढून नागपूरला जी गिरणी उभारली ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि व्हिक्टोरिया राणीला त्याच दिवशी मिळालेल्या किताबावरून एम्प्रेस मिल म्हणून ओळखली जाऊ लागली. गिरणी मुंबईत न काढता नागपुरास काढण्याचे कारण उघड होते. कापूस इथे पिकत होता. या गिरणीचे व्यवस्थापन त्यांनी बेझनजींकडे सोपविले. बेझनजी रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले. सुताचा धागा कसा निघतो हे त्यांना ठाऊक नव्हते. गाड्या, माणसे आणि वेळ यांचा मेळ घालणे मात्र ठाऊक होते. आरंभीची यंत्रे बेताची, नागपूरचा कामगार गिरणीच्या भोंग्याला न सरावलेला, गैरहजेरी मोठी. दंडाचा बडगा हा त्या काळचा सोपा उपाय होता. त्या गिरणीत त्यापेक्षा अवघड मार्ग धरला गेला. कामगार टिकावा म्हणून सोयी, बक्षिसे, निवृत्तिवेतन, आणि १९०१ मध्ये भविष्यनिर्वाह निधी, असे एकेक पाऊल पडत गेले. बेझनजींना पुढे सर ही पदवी मिळाली. ती गिरणी आज नाही. २००२ मध्ये ती कायमची बंद झाली. पण काम न शिकलेल्या माणसाने काम शिकणाऱ्यांचा प्रमुख व्हावे की नाही, हा प्रश्न निघाला की मला अजूनही तीच आठवते.

भाचीने ही गोष्ट शाळेत माझ्याकडूनच ऐकलेली. “मामा, टाटांनी मेहतांना पगार दिला होता,” ती म्हणाली.

हा तिचा टोला बिनतोड होता, आणि त्यासाठी आजची परिस्थिती सांगणे भाग आहे. मध्यप्रदेश उच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०१६ रोजी राज्याचे २००२ चे पदोन्नती नियम रद्द ठरविले. पदोन्नतीतील आरक्षणाचा तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि राज्यातल्या शासकीय पदोन्नत्या जवळजवळ थांबल्या. नऊ वर्षांत हजारो माणसे ज्या पदावर होती त्याच पदावरून निवृत्त झाली. वरची पदे रिकामी होत गेली आणि काम तर थांबत नाही. म्हणून पोलीस खात्यात २०२१ पासून, पुढे शालेय शिक्षण खात्यातही, ‘उच्च पदाचा प्रभार’ देण्याची पद्धत आली. जबाबदारी वरच्या पदाची, मूळ पद आणि वेतन खालचे. जून २०२५ मध्ये सरकारने नवे नियम आणले, तेही न्यायालयात गेले. आरक्षणाच्या मूळ प्रश्नात कोणाची बाजू न्याय्य, हा या लेखाचा विषय नव्हे. पण प्रभारी म्हणून वर्षानुवर्षे राबविणे आणि मोबदल्याचा प्रश्न आला की ‘तुम्ही मूळचे कोण’ असे विचारणे, हा व्यवहार मला मान्य नाही. जो आज प्रभार नाकारतो त्याला मी आळशी म्हणणार नाही.

आणि तरीही. ऑगस्ट २०२३ मध्ये जामसावळीला, हनुमंताच्या त्या पहुडलेल्या मूर्तीच्या गावी, पांढुर्णा जिल्ह्याची घोषणा झाली आणि ऑक्टोबरमध्ये सौसर व पांढुर्णा या दोन तहसिलींचा जिल्हा अस्तित्वात आला. एका दाखल्यासाठी घाट ओलांडून छिंदवाड्याला जाणे आणि साहेब दौऱ्यावर म्हणून परत येणे, हे ज्यांनी आयुष्यभर केले त्यांना याचे मोल विचारावे. सौसरवरून जाणारी छोटी गाडी होती तोवर तो प्रवास निदान स्वस्त होता; २०१५ च्या अखेरीस ती बंद झाली आणि रुंद मार्ग तयार होईपर्यंत बसशिवाय गती नव्हती. आता जिल्हा दाराशी आला. त्याच्या खुर्च्यांवर बसावयाची वेळ आली तेव्हा आपल्याच मुलामुलींनी पाठदुखीचे दाखले आणावेत काय? बढतीबरोबर बदली येते ही वडिलांची अडचण होती. भाचीला गाव सोडावयाचे नव्हते, भाषेची भीती नव्हती. तिचे हिंदी माझ्याहून शुद्ध आहे आणि दही तिच्याकडे नेहमी खट्टाच असते.

“अधिकार नसताना हाताखालचे ऐकतील का?” हा तिचा दुसरा प्रश्न होता. हा मला पगाराहून खोल वाटला. अधिकार असला म्हणजे लोक ऐकतात, हा भ्रम पांढुर्ण्याच्या माणसाला तरी नसावा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या दोन तीरांवर पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. दरवर्षी शेकड्यांनी माणसे जखमी होतात, जीवही गेले आहेत. प्रशासनाने बंदोबस्त केले, आवाहने केली, एकदा तर दगडांऐवजी रबरी चेंडू आणून ठेवले. चेंडू बाजूला राहिले आणि दगड उडाले. जिथे सारी सत्ता एकवटून उभी असते तिथे ही गत. मग एका कचेरीत ‘प्रभारी’ या पाटीने काय साधणार आणि ‘प्रभारी’ हा शब्द गाळल्याने तरी काय अधिक साधणार?

मी तिला माझ्या एका विद्यार्थ्याचे उदाहरण सांगितले. १९९१ मध्ये बोरगावला रेमंडचा कारखाना आला आणि सौसरच्या आसपासच्या मुलांना शेतीबाहेरचे एक नवे जग दिसले. त्या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात हा मुलगा कामाला लागला आणि आठ वर्षांनी पाळीचा प्रमुख झाला. अडचण अशी, की त्याच्या पाळीत त्याचा सख्खा चुलतभाऊ होता, वयाने पाच वर्षांनी मोठा. ज्याला आयुष्यभर दादा म्हटले त्याला उशिराबद्दल कसे विचारावयाचे? पहिल्या आठवड्यात त्याने ‘दादा’ म्हणणे सोडून आडनावाने हाक मारून पाहिली. घरी दोन दिवस कोणी त्याच्याशी बोलले नाही. मग त्याने पुन्हा ‘दादा’ म्हणावयास सुरुवात केली, पण हजेरीपटावर वेळ लिहिली ती घड्याळातली. “दादा, आज वीस मिनिटे झाली, तशी लिहिली आहेत,” एवढेच तो म्हणे. दादा रागावले, पण वेळेवर येऊ लागले, कारण तक्रार करावयास जागाच नव्हती. मान पूर्ण मिळत होता आणि नोंदही पूर्ण होत होती. आमच्या समाजात, जिथे हाताखालचा माणूस बहुधा कोणीतरी काका, मामा किंवा गावचा वडीलधारा असतो, तिथे हीच कसरत सर्वांत अवघड. इंग्रजी पुस्तकांतल्या नेतृत्वाच्या धड्यांत तिचा उल्लेख मला तरी कधी आढळला नाही.

संत्र्याच्या बागेला आम्ही ताण देतो. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात पाणी तोडतात. झाड काही काळ उपाशी राहते आणि मग पाणी सोडले की फुलते. हलक्या जमिनीत ताण थोडे दिवस, भारी जमिनीत अधिक; दिवस मोजण्यात चूक झाली तर फुले येत नाहीत, झाडच वाळते. शासनाने आपल्या माणसांना दिलेला ताण कधीच मोजाबाहेर गेला आहे. म्हणून मी भाचीला ‘घे’ असे सांगितले नाही. मी एवढेच म्हटले, की घ्यावयाचा असेल तर आदेश लेखी असावा, पैसे काढण्याचे अधिकार आहेत की नाहीत ते त्यात नाव घेऊन लिहिलेले असावे, आणि यादी जुळल्यावाचून सही करू नये. घरी काय बदलेल तेही आधी बोलून घ्यावे. तिचा नवरा बाहेर अंगणात सायकलला तेल घालत बसला होता. त्यालाही आत बोलावले. मुलीला शिकवणीहून आणावयाचे काम आता कोणाचे, हा प्रश्न त्याला त्याच बैठकीत विचारला. त्याने जरा वेळ घेतला, पण हो म्हटले. माझ्या वेळी हा प्रश्न कोणी मला विचारला नव्हता, आणि बाईंच्या घरी तर नाहीच नाही.

मग भाचीने तो प्रश्न विचारला ज्याचे उत्तर मी टाळत होतो. “मामा, त्या बाईंना शेवटी काय मिळाले?”

खोटे सांगणे शक्य नव्हते. काही मिळाले नाही. सहा वर्षांनी नियमित प्राचार्य आले, बाई पुन्हा गणित शिकवू लागल्या आणि व्याख्याता म्हणूनच निवृत्त झाल्या. त्यांना पुरस्कार नाही, वेतनवाढ नाही. ज्या दिवशी त्यांनी नव्या प्राचार्यांना चार्ज दिला त्या दिवशी मी साक्षीदार होतो. यादी पाच पानांची होती. नव्या गृहस्थांनी शाळाभर हिंडून पडताळणी केली, ती दीड तासात आटोपली. ‘नोंदीप्रमाणे’ आणि ‘प्रत्यक्ष’ हे दोन्ही रकाने सारखे होते. बाईंनी सही केली, जुडगा त्यांच्यासमोर ठेवला आणि त्या सातव्या तासाला दहावीच्या वर्गावर गेल्या. त्यांच्या मागे फळ्यावर खडू लागल्याचा आवाज कार्यालयापर्यंत येत होता, तो मला अजून आठवतो.

भाची बराच वेळ गप्प होती. तिची आई म्हणाली, “ऐकलंस ना? काही नाही मिळत.” भाचीने त्यावर होय किंवा नाही काहीच म्हटले नाही, आणि चहा घेऊन ते दोघे पांढुर्ण्याला परत गेले.

सोमवारी रात्री आठ वाजता तिचा फोन आला. मागे कोणीतरी रजिस्टरे सरकवत असल्याचा आवाज होता.

“मामा, दुपारपासून मोजतो आहोत. तिसऱ्या कपाटाची किल्लीच जुडग्यात नाही.”

“मग यादीत तसे लिही.”

“लिहिले,” ती म्हणाली. “पंचासमोर उघडायचे आहे उद्या. आईला सांगू नका अजून.”